पांढरी सुरी की पोलादी सुरी?

भांड्यांच्या दुकानांत, मॉलमध्ये आणि घरपोच माल पाठविणाऱ्या कंपन्यांच्या यादीत आता पांढऱ्याशुभ्र पात्याची सुरी सर्रास दिसते. तिला सिरॅमिकची सुरी म्हणतात. हिरवी किंवा गुलाबी मूठ, त्याच रंगाचे म्यान आणि खोक्यावर मोठ्या अक्षरांत आश्वासने : गंज नाही, वास नाही, जंतू नाहीत, धार लावण्याची कटकट नाही. लग्नाच्या आहेरात ती दिली जाते, आणि पोलादी सुरीचे दिवस आता संपले, असे विकणारा छातीठोकपणे सांगतो.

आमचे मत आरंभीच सांगतो. सिरॅमिकची सुरी ही चांगली वस्तू आहे, परंतु ती स्वयंपाकघरातील दुसरी सुरी आहे, पहिली नव्हे. आणि जो दुकानदार ती पहिली सुरी म्हणून गळ्यात मारतो तो ग्राहकाची आणि काही काळाने स्वतःच्या पेढीचीही हानी करतो. आमच्या समाजात भांडी, हार्डवेअर व हत्यारांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेली घराणी पुष्कळ आहेत. मुंबईची नागदेवी स्ट्रीट आणि पुण्याची बोहरी आळी ही नावे कोणाला सांगायला नकोत. तेव्हा या प्रश्नाचा विचार गिऱ्हाईक म्हणून आणि विक्रेता म्हणूनही केला पाहिजे.

सिरॅमिक म्हटले की आपल्याला कपबशी आणि लोणच्याची बरणी आठवते. ही सुरी त्या मातीची नसते. तिचा कच्चा माल झिर्कोनिया, म्हणजे झिर्कोनियम या धातूचे ऑक्साइड. मूळ खनिजाचे नाव झिरकॉन. हा शब्द फारसीतील ‘ज़रगून’ म्हणजे सोनेरी रंगाचा, यावरून अरबीमार्गे युरोपात गेला असे मानतात. सिलोनहून आलेल्या अशा खड्यांतून क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये हे नवे मूलद्रव्य ओळखले. आपल्या देशातही झिरकॉन आहे. केरळातील चवरा, तमिळनाडूतील मनवलकुरिची व ओडिशातील छत्रपूर येथील समुद्राच्या वाळूतून सरकारी कंपनी ते काढते.

शुद्ध झिर्कोनियाची एक खोड होती. भट्टीतून काढून थंड होऊ लागले की त्याच्या स्फटिकांची रचना बदलून ते फुगते आणि आपोआप तडकते. त्यात थोडा यिट्रियम ऑक्साइड मिसळला की ही रचना आवरली जाते. एवढेच नव्हे, तर पुढे एखादी बारीक चीर पडू लागली की तिच्या टोकाशी असलेले कण जागच्या जागी फुगतात आणि चिरेला दाबून धरतात. १९७५ मध्ये गार्वी, हॅनिंक व पॅस्को या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात या गुणाचे वर्णन केले, तेव्हा मथळ्यात त्यांनी या पदार्थाला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हणावे काय, असा प्रश्न टाकला होता. जपानमधील क्योटो येथे काझुओ इनामोरी यांनी १९५९ मध्ये स्थापन केलेल्या क्योसेरा कंपनीने १९८४ मध्ये या पदार्थाची स्वयंपाकघरातील सुरी बाजारात आणली. भुकटी साच्यात प्रचंड दाबाने दाबायची, चौदाशे-पंधराशे अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजायची आणि हिऱ्याच्या चाकावर धार काढायची, अशी ती कृती. नंतर चीनने हे काम उचलले. ग्वांगडोंग प्रांतातील यांगजियांग हे सुऱ्या-कात्र्यांचे मोठे केंद्र आहे. जपानी सुरी आजही हजारांच्या हिशेबात मिळते, चिनी सुरी दोन-चारशे रुपयांत. दोन्ही पांढऱ्याच दिसतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. भुकटी किती बारीक, भट्टी किती नीट आणि धार किती काळजीने काढलेली, यातले काहीच डोळ्यांना दिसत नाही.

कठीण आणि चिवट

जाहिरातीत सांगतात की सिरॅमिक पोलादापेक्षा कठीण असते. ते खरे आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्‌सच्या मापात हिऱ्याला १० गुण, झिर्कोनियाला साडेआठच्या आसपास आणि सुरीच्या पोलादाला सहाच्या आगेमागे. म्हणूनच सिरॅमिकची धार सहज झिजत नाही. पण कठीण असणे आणि चिवट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोहाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. तो पाते लाल करून पाण्यात किंवा तेलात विझवतो, तेव्हा ते कठीण पण काचेसारखे ठिसूळ होते. मग पुन्हा थोडे तापवून तो त्यातला कडकपणा मुद्दाम कमी करतो, म्हणजे पाते तुटण्याऐवजी वाकेल. पोलादाची सारी कारागिरी या तडजोडीत आहे. दक्षिण हिंदुस्थानात, विशेषतः आजच्या तेलंगणात, मुशीत बनणारे पोलाद याच गुणामुळे इराण व शाम देशापर्यंत जात असे. हिंदी पोलादाच्या तलवारीला अरबीत ‘मुहन्नद’ हे स्वतंत्र नावच पडले.

सिरॅमिकमध्ये ही तडजोड फार थोडी शक्य आहे. वर सांगितलेल्या युक्तीमुळे झिर्कोनिया इतर सिरॅमिकपेक्षा पुष्कळ चिवट असले तरी पोलादाच्या जवळपासही येत नाही. पोलादी धार हाडावर आपटली तर मुडते, फार तर खांडा पडतो. निसण्यावर चार हात मारले की ती सरळ होते. सिरॅमिकची धार मुडत नाही, तिचा टवका उडतो. पाते जोराने पिळले तर मधोमध तुटते. ग्रॅनाइटच्या ओट्यावरून फरशीवर पडले तर टोक जाते, कधी पुरे पातेच जाते.

आता खोक्यावरच्या आश्वासनांकडे वळू. गंज लागत नाही, हे शंभर टक्के खरे आहे. कोकणात, खाडीकाठच्या खाऱ्या दमट हवेत ज्यांची लोखंडी विळी पावसाळ्यात एका रात्रीत तांबूस होते त्यांना याची किंमत कळेल. लिंबू, कैरी, कांदा कापल्यावर साध्या लोखंडाचे पाते काळे पडते आणि फोडीलाही धातूची चव लागते, तो प्रकार येथे नाही. मात्र हे दोष साध्या लोखंडाचे आहेत. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये क्रोमियम घातलेले पोलाद ओतल्यापासून ज्याला आपण स्टेनलेस स्टील म्हणतो त्यात ते बव्हंशी उरलेले नाहीत. सफरचंदाची फोड सिरॅमिकने कापल्यास काळी पडत नाही, असे सांगतात. फोड काळी पडते ती फळातील रसाचा हवेशी संबंध आल्यामुळे. सुरी कोणतीही असो, ती बोथट असेल तर फळ चिरडते आणि लवकर काळे पडते, धारदार असेल तर उशिरा. जंतूंचेही तसेच. सिरॅमिकला सूक्ष्म छिद्रे नसतात हे खरे, पण स्टेनलेसलाही नसतात. कच्चे मांस कापून न धुता त्याच सुरीने काकडी कापली तर पाते कोणते आहे याची जंतू चौकशी करीत नाहीत.

राहिले धारेचे आश्वासन. सिरॅमिकची धार पोलादापेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते, याबद्दल वाद नाही. पण कधीच धार लावावी लागत नाही, हे खोटे आहे. वापरता वापरता धारेचे डोळ्यांना न दिसणारे कण निघत जातात आणि एक दिवस टोमॅटोची साल सुरीखालून घसरू लागते. खुद्द क्योसेरा कंपनी सिरॅमिकसाठी हिऱ्याच्या चकतीचे यंत्र विकते, यातच काय ते समजावे. गल्लीतल्या धारवाल्याच्या चाकावर हे पाते धरले तर चाकाच्या धक्क्यांनी टवके उडून उरलीसुरली धारही जाते. स्वस्त चिनी सुरीला हिऱ्याच्या चकतीचा खर्च परवडत नाही. म्हणजे ती बोथट झाली की टाकायची, हाच तिचा शेवट.

आपले स्वयंपाकघर

युरोपात किंवा जपानात ही सुरी शोभते, कारण तेथे तिच्यापुढे बिनहाडाचा मासा, भाजी आणि फळ येते. आपल्या घरी काय येते? नळीचे मटण, पाये, मुंडी, हाडासकट कोंबडी, काट्यांची मासळी, नारळ, सुरण, भोपळा. फ्रीझरमधून काढलेला दगडासारखा गोळा घाईघाईत फोडणे हे काम तर दर घरी होते. सुरीच्या पात्याने लसूण चेपणे आणि टोकाने डब्याचे झाकण उचकटणे हेही आपण करतोच. यांपैकी एकेक काम सिरॅमिकच्या सुरीचा जीव घेणारे आहे. फ्रीझरमधले मांस तर सर्वांत वाईट. बर्फात पाते अडकते, माणूस ते हलवून सोडवतो आणि पाते तुटते.

याउलट रमजानमध्ये रोज संध्याकाळी इफ्तारीसाठी जी फळे चिरली जातात त्या कामाला हिच्यासारखी सुरी नाही. पपई, सफरचंद, पेरू, केळी, काकडी, कोथिंबीर यांवर ती पाण्यासारखी चालते. वजनाला हलकी असल्याने ज्यांचे सांधे दुखतात अशा वयस्क आया-बहिणींना तिने हात भरून येत नाही. लाकडाची किंवा प्लॅस्टिकची फळी घ्यावी, काचेची अथवा दगडाची नको, आणि काम झाले की धुऊन म्यानात घालावी. लहान मुले असलेल्या घरात म्यान विसरू नये. पांढरे पाते खेळण्यासारखे दिसते, पण ते कातडी कापते तेव्हा आधी कळतसुद्धा नाही.

बकरी ईद जवळ आली की एक प्रश्न आता विचारला जातो : सिरॅमिकच्या सुरीने कुर्बानी चालेल काय? शास्त्रार्थ सांगणे हे उलमांचे काम आहे. तरी हदीसवाङ्‌मयाशी परिचय असणाऱ्यांना ठाऊक आहे की दात व नख सोडून रक्त वाहविणाऱ्या धारदार वस्तूने केलेला जबीहा वैध ठरविला गेला आहे. हजरत कअ्‌ब बिन मालिक (रजि.) यांच्याकडे बकऱ्या राखणाऱ्या दासीने मरणोन्मुख बकरी अणकुचीदार दगडाने जबह केल्याची आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती खाण्याची मुभा दिल्याची घटना सहीह बुखारीत नोंदलेली आहे. तेव्हा पाते धातूचे नाही म्हणून हरकत निघेल असे आम्हांस दिसत नाही. हरकत आहे ती व्यवहाराची. जनावर धडपडते, पाते मणक्याला लागते, हात वळतो. अशा वेळी टवका उडाला किंवा पाते मोडले तर जनावराचे हाल होतील. प्रेषितांची (स.) शिकवण तर अशी की सुरी आधीच नीट परजून ठेवावी, तीही जनावराच्या देखत परजू नये, आणि त्याला आराम द्यावा. आमचा सल्ला निःसंदिग्ध आहे : कुर्बानीला लांब, चांगले पाणी दिलेले पोलादी पातेच घ्यावे. हाडांना सत्तूर आहेच.

टवक्याचा आणखी एक धोका केटरिंग करणाऱ्या आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावा. पोलादी सुरीचा कपचा अन्नात गेला तर तो चुंबकाला लागतो आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यातील धातुशोधक यंत्र त्याला पकडते. झिर्कोनियाचा कपचा या दोहोंना सापडत नाही, आणि पांढऱ्या पनीरमध्ये किंवा ओल्या खोबऱ्यात डोळ्यांनाही दिसत नाही. सुरक्षेच्या तपासणीत सापडावी म्हणून काही उत्पादक सुरीत थोडा धातू घालतात, परंतु त्यामुळे धारेचा बारीक टवका यंत्रात सापडेल असे समजू नये. खिमा, कबाब किंवा समोशाचे सारण मोठ्या प्रमाणावर करणाऱ्याने ही सुरी कामाच्या ठिकाणी आणूच नये. दाताखाली कपचा आला तर जेवणावळीची सारी कमाई आणि नाव त्या एका घासात जाते.

शिकलगाराचे काय?

पोलादी सुरी विकत घेणारा माणूस सुरीबरोबर एक नातेही घेतो, ते धार लावणाऱ्याशी. आपल्याकडे हे काम मुख्यतः शिकलगारांचे. अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी आणणे, त्यावरून सैकलगर आणि मराठीत शिकलगार. एके काळी हे लोक तलवारी-कट्यारी पाजळीत. १८७८ च्या शस्त्रास्त्र कायद्यानंतर तलवारीचे काम ओसरले, तेव्हा सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, विळ्या हाच आधार उरला. सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे या भागांत आजही आठवडे बाजाराच्या कडेला चाक मांडून बसलेला शिकलगार भेटतो. बकरी ईदच्या आधीचे आठ-दहा दिवस त्याच्याकडे रांग असते. एरवी अनेक दिवस तो रिकामा बसतो.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका घराने तीनशे रुपयांची सिरॅमिकची सुरी घेतली आणि सगळ्या कामांना वापरल्याने ती दीड वर्षात मोडली. सहा वर्षांत चार सुऱ्या, म्हणजे बाराशे रुपये. दुसऱ्या घराने चारशेची पोलादी सुरी घेऊन वर्षातून चार वेळा तीस-तीस रुपये देऊन धार लावली. सहा वर्षांचे सातशे वीस आणि सुरीचे चारशे, मिळून अकराशे वीस. फरक अवघा ऐंशी रुपयांचा. पहिल्या घराचे बहुतेक पैसे कारखान्याकडे आणि आयातदाराकडे गेले, हातात चार तुटकी पाती उरली. दुसऱ्या घराचे सातशे वीस रुपये गावातल्या कारागिराच्या घरी गेले आणि सुरी अजून चालते आहे. ज्यांच्या घरी निसणा आहे आणि तो वापरणारा हात आहे त्यांना तर धारेचाही खर्च नाही. मीरतच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक उपदर्शन मिळाले. त्या कात्र्यांबद्दल तिकडे म्हणतात, ‘दादा ले, पोता बरते.’ भंगारातील पोलाद घडवून बनणारी ती कात्री पुनःपुन्हा धार लावून पिढ्या काढते.

कोणी म्हणेल, कारागिराच्या दयेपोटी नवी वस्तू नाकारायची काय? नाही. दया हा व्यापाराचा पाया होऊ शकत नाही, आणि शिकलगारालाही ती नको आहे. नव्या मालावर बहिष्कार घालून कोणताही जुना धंदा वाचलेला नाही. आम्ही म्हणतो ते एवढेच की वस्तूचा खरा खर्च मांडताना तिच्या देखभालीचा आणि शेवटाचा खर्चही मांडावा. मग कोणती वस्तू कशासाठी घ्यायची हे गिऱ्हाईकच ठरवील.

त्यासाठी त्याला खरे सांगितले गेले पाहिजे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पाहणाऱ्या आणि तो वर का ठेवला नाहीस, असे विक्रेत्याला विचारणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत. मालातला दोष झाकणे हा आपल्याकडे नुसता वाईट व्यवहार नाही, ते पाप आहे. सिरॅमिकच्या सुरीचा ठिसूळपणा हा त्या राशीतला ओलावा समजावा. काउंटरवर मराठीत आणि उर्दूत चार ओळींची पाटी लावायला किती खर्च येतो? हाड, बर्फ, नारळ यांवर चालवू नये. पिळू नये. पाडू नये. गल्लीतल्या चाकावर धार लागत नाही. एवढे वाचून ज्याला घ्यायची तो घेईल आणि परत भांडायला येणार नाही. कायदाही आता सैल राहिलेला नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला दहा लाख रुपयांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय प्राधिकरणाला दिला आहे. स्वतःच्या नावाने खोकी छापून चिनी माल विकणाऱ्या लहान आयातदारांनी ‘आजन्म धार’ असले शब्द छापण्यापूर्वी वकिलाला विचारावे. खोक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता व मूळ देश हवाच. शिवाय सीमाशुल्काच्या वर्गीकरणात धातूच्या सुऱ्या ८२ व्या प्रकरणात येतात आणि सिरॅमिकच्या वस्तू ६९ व्या, हे मागणी नोंदवण्यापूर्वीच दलालाकडून स्पष्ट करून घ्यावे. सुरी ती सुरी, असे मानून कागद भरला की माल गोदीत अडकतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने यिट्रियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. या मालाचा भाव आणि पुरवठा कोणाच्या हातात आहे, हे यावरून ओळखावे.

शिकलगारांच्या मुलांसाठीही येथे काम आहे, आणि ते ओळखणारा अजून फारसा कोणी दिसत नाही. हिऱ्याची भुकटी चढवलेल्या चपट्या पट्ट्या आता हत्यारांच्या बाजारात मिळतात. पाणी सोडून हळू फिरणाऱ्या चाकाची यंत्रेही मिळतात. ज्याने ती घेऊन हात बसवला तो पोलादी सुरीला अधिक चांगली धार देईल आणि महागडी जपानी सिरॅमिक सुरीही घेऊ शकेल. हॉटेले, खाटीक आणि केटरर यांच्याशी महिन्याचा ठराव केला तर ईदची वाट पाहत बसावे लागणार नाही. अशा तरुणाला पहिली यंत्रसामग्री घेण्यासाठी बिनव्याजी कर्ज देणे हे आपल्या बैतुलमालांना आणि पतसंस्थांना जड नाही. रक्कम एका मोबाइलच्या किमतीएवढीही होणार नाही. बोहरी आळीतल्या किंवा नागदेवीतल्या एखाद्या दुकानदाराने आपल्या फळीवर अशा धारवाल्यासाठी दोन हात जागा दिली, तर सुरी घ्यायला आलेले गिऱ्हाईक जुनी सुरीही बरोबर घेऊन येईल.